सायेब बोलून राहिले
रेडिओ बोडीच्या पाण्यात पडला आणि त्याच्यामागे दामोदर गुरुजी, धोतरासकट. त्यांना पोहता येत नव्हतं. मी तळ्याच्या काठावर कपडे धूत होते. हातातलं ओलं लुगडं फेकलं. गुरुजींनी एका हातानं लुगडं धरलं, दुसऱ्या हातानं रेडिओ.

"सोडा तो डबा, मराल ना!"

सोडला नाही. दोघांनाही ओढावं लागलं.

नाकाडोंगरीजवळच्या आमच्या गावात ते एकटेच मास्तर. राहायला माझ्या शेजारी. बायको नाही, पोर नाही. बोलताना अडखळत, म्हणून बोलतही कमी. पगारातून त्यांनी शाळेसाठी रेडिओ आणला आणि त्याला 'सायेब' म्हणू लागले. शाळेच्या टिनाखाली सायेब नुसते खरखरत, म्हणून शाळेचा कार्यक्रम लागला की सारा वर्ग बोडीच्या बांधावर. सायेब स्टुलावर, गुरुजी पोरांत मांडी घालून. कोणी कुजबुजलं की बोट ओठावर, "सायेब बोलून राहिले!" सायेबांनी प्रश्न विचारला की हात वर करायचा.

माझी मंगला एकदा रडतच आली. "माय, मी रोज हात वर करतो. सायेब मले काहून नाही विचारत?"

मग एक दिवस म्हशीनं स्टुलाला धक्का दिला.

गुरुजींनी रेडिओ माझ्या मिरच्यांशेजारी वाळत घातला. तो बोलेना. गुरुजीही शाळेत जाईनात. पोरं वर्गात नुसती बसून. शेवटी मीच त्यांच्या दारात गेले.

"चाला, गुरुजी. पोरं वाट पाहून राहिली."

"काय शिकवू, बाई? पहिल्या वर्षी मी पाढे शिकवले, तर सारा वर्ग 'प-प-पाच' म्हणे. पोरायले वाटलं, प-पाढा असाच असते. माझं हे त्यायले लागलं तं?"

"खरूज आहे का लागायले? चाला. नाही तं मी शिकवतो. मले चौथीपर्यंतच येते, मंग पोरं तिथंच राहतीन."

आले. शिकवू लागले. शब्द अडला की पोरं गप्प बसून राहत, तो निघेपर्यंत.

मंगला आता तुमसरला मास्तरीण आहे. घरी मले-तुले करते, वर्गात शुद्ध बोलते. एखादं पोरगं उत्तर देताना अडलं तर त्याचं वाक्य ती पुरं करत नाही, थांबते. हे तिला सायेबांनी शिकवलेलं नाही.

सुटीत ती आली की आधी शेजारी जाते. गुरुजी आहेत अजून. एकटेच.