तिसऱ्या खंडाचं वजन

"पाचही खंड दिलेत? तिसरासुद्धा?" फाडलेल्या दुधाचा छेना फडक्यात बांधता बांधता कनकलतांचे हात थबकले.

कृष्णनगरच्या शाळेतून निवृत्त झालेले शिवनाथ घोषाल मास्तर खुशीत हसले. लेकीनं पाठवलेलं ई-बुक वाचायचं यंत्र त्यांनी बायकोपुढे नाचवलं. "अगं, सगळा ज्ञानकोश यात मावतो. म्हणून काल ते पाच खंड वाचनालयाला देऊन टाकले. हे वजनाला बघ, पापडाएवढं!"

"तेच तर! पापडानं छेना दाबला जातो का?"

मग उलगडा झाला. गेली बावीस वर्षं घरच्या संदेश मिठाईचा छेना तिसऱ्या खंडाखाली दाबला जात होता. पाट्याखाली तो कोरडा पडे, दुसऱ्या खंडाखाली ओला राही. मुखपृष्ठावरचा गोल डाग पावसाळी ओलीचा, असं मास्तर आजवर समजत आले होते.

"दुपारी लेक-जावई येताहेत. लग्नानंतरची पहिली जमाईषष्ठी! त्याच्या पानात बाजारचा संदेश पडला, तर विहीणबाईंना बोलायला वर्षभर पुरेल. जा, घेऊन या!"

मास्तर धापा टाकत वाचनालयात पोहोचले. ग्रंथपाल तारापद त्यांचाच जुना विद्यार्थी.

"दोन तासांपुरता तिसरा खंड दे रे."

तारापदनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'संदर्भग्रंथ घरी मिळणार नाही. येथेच बसून पाहावा. अपवाद नाही.' खाली सही होती, शि. घोषाल, अध्यक्ष.

"अरे, पण नियम मीच केलाय!"

"नियम करणाऱ्यालाही तो लागू असतो, मास्टरमोशाय. हे शिकवायला तुम्ही मला बाकावर उभं केलं होतंत."

मास्तरांना राग यायला हवा होता; पण धडा इतका पक्का मुरलेला पाहून त्यांचा ऊर भरून आला. वर्गात वाचत तशी त्यांनी ती पाटी शब्दाशब्दावर थांबत वाचली आणि मुकाट्यानं घर गाठलं.

अर्ध्या तासानं ते परात घेऊन हजर! कोपऱ्यातल्या टेबलावर परातीत छेना, त्यावर ताटली, ताटलीवर तिसरा खंड. शेजारी मास्तर यंत्रावर कादंबरी वाचत निवांत. पाणी टपटप निथळत होतं.

"मास्टरमोशाय, हे काय?"

"ग्रंथ इथंच आहे. मीही इथंच बसलोय. आत काय आणायचं नाही, ते कुठं लिहिलंय?"

तारापदनं पाटी दोनदा वाचली. मग परातीवर वाकून एक दीर्घ श्वास घेतला.

"चारेक संदेश वाचनालयालाही द्या," तो हळूच म्हणाला. "घरी नेणार नाही. येथेच बसून पाहीन."