एस्तेरमावशींचा भांडणाचा क्लास

एस्तेर भालेराव दर शनिवारी दुपारी तीन ते पाच भांडण शिकवतात. शिवण नाही, इंग्रजी नाही, केक नाही. भांडण. दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. तिथं फ्रिजशेजारी एक फळा टांगलेला असतो आणि त्यावर खडूनं लिहिलेलं असतं, 'आज : घरमालक'. आदल्या शनिवारी 'दवाखाना' होता, त्याच्या आधी 'रिक्षावाला'. विद्यार्थिनी आठ-दहा. बहुतेक सगळ्या म्यानमारच्या डोंगरातून जीव वाचवून आलेल्या चिन जमातीच्या बायका, दोघी अफगाण. फळा त्यांच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही, पण फळ्याशिवाय क्लास होत नाही असं मावशींचं म्हणणं.

विमानतळ जवळ. दर तीन-चार मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं. मग मावशी हात वर करतात, भांडण जागच्या जागी थांबतं, तोंडं उघडी राहतात. विमान गेलं की मावशी म्हणतात, "हां, चालू."

मावशी मूळच्या नगरच्या. केंद्र सरकारच्या एका खात्यात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी काउंटरवर. उंची पाच फुटांच्या आत, आवाज मात्र दोन मजले खाली पोचणारा. चिन लोक त्यांना चर्चमध्ये भेटले. मागच्या बाकावर बसायचे, प्रार्थना संपली की हळूच निघून जायचे. एका रविवारी मावशींनी दारातच एकीला अडवलं, अडचण काय विचारलं, आणि अर्धा तास ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "तुम लोगों को कपडा नहीं चाहिए, कंबल नहीं चाहिए. तुमको आवाज चाहिए." पुढच्या शनिवारी क्लास सुरू.

मी तिथं गेले ती पत्रकं घेऊन. माझे वडील युनियनवाले, माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं; अन्याय दिसला की चार पानं छापायची हा आमच्या घरचा रिवाज. 'निर्वासितांचे हक्क' असं मी तीन भाषांत छापून नेलं होतं. मावशींनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "खिडकीवरचा माणूस 'नहीं होगा' म्हणाला, तर यातलं कुठलं वाक्य म्हणायचं?"

मी पानं उलटली. असं वाक्य नव्हतं.

"मग ठेव तिकडे. चहा घेशील?"

आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. त्यामुळे प्रत्येक खिडकीवरचा माणूस स्वतःच कायदा होऊन बसतो. खोली द्यायची की नाही हे घरमालक ठरवणार, औषध द्यायचं की नाही हे केसपेपरवाला ठरवणार, पोरगी शिकेल की नाही हे कारकून ठरवणार. हे मी पत्रकात लिहिलं होतं, जाड ठशात. मावशींना ते लिहून ठेवायची गरज नव्हती, कारण त्या स्वतः असा कायदा होऊन बसल्या होत्या. त्या ते सांगतातही: "मी चौतीस वर्षं आतल्या बाजूला बसून माणसं परत पाठवली. परत पाठवायचे सगळे प्रकार मला तोंडपाठ आहेत. कल आना. साहब छुट्टी पर हैं. सिस्टम बंद है. ऊपर से ऑर्डर है. पाचवा प्रकार अजून निघालेला नाही."

शिकवायची पद्धत अशी, की मावशींनी खांद्यावर टॉवेल टाकला की घरमालक आला समजायचं. चष्मा नाकावर घसरवला की कारकून. पहिल्याच दिवशी मी पाहिलं, टॉवेल खांद्यावर होता आणि समोर मावी नावाची तिशीतली बाई उभी होती.

"कमरा खाली करो जी, मेरा साला आ रहा है."

"ओके जी," मावी म्हणाली. "थँक्यू."

टॉवेल जमिनीवर आला. "थँक्यू? अगं बाई, त्यानं तुला घराबाहेर काढलं आणि तू आभार मानतेस? साला आ रहा है तो पूछो, साले का नाम क्या है? कब आ रहा है? साला है भी क्या उसको?"

मावीनं मान खाली घातली. "सॉरी."

"सॉरी पण नाही!"

नियम थोडे आणि कडक. भांडण उभं राहून करायचं नाही. खुर्ची दिली नाही तर आपलं घडीचं स्टूल न्यायचं, कारण बसलेल्या बाईला हाकलणं अवघड. कारणं द्यायची नाहीत, प्रश्न विचारायचे. 'नाही' म्हणाला तर तेच कागदावर लिहून मागायचं. आणि रडायचं नाही. "रोने से क्या होता है मालूम है? वो पानी पिलाते हैं. काम वैसा ही रहता है."

मावशींची हिंदी नगरची. दिल्लीत इतकी वर्षं काढूनही तिला दिल्ली लागलेली नाही. परिणाम असा, की उत्तमनगरच्या बाजारात आज म्यानमारच्या बायका भाजीवाल्याला "मेरे को येडी समझा क्या?" असं विचारतात आणि तो बिचारा यांचा मुलूख कुठला याचा विचार करत वजन बरोबर करतो.

मावी उत्तमनगरमध्येच एका खोलीत राहायची, शिवणाच्या कारखान्यात कॉलर लावायची. नवरा तिकडेच राहिला. कसा, ते ती सांगत नाही आणि मावशी विचारत नाहीत. मुलगी रूथ, दहा वर्षांची, वयाच्या मानानं उंच. क्लास चालू असताना कोपऱ्यात बसून जुन्या डायऱ्यांमध्ये चित्रं काढायची. दोन वर्षं शाळा नाही. मावी सरकारी शाळेत तीनदा जाऊन आली होती. तिन्ही वेळा कारकुनानं "आधार लाओ" म्हटलं होतं आणि तिन्ही वेळा ही "थँक्यू" म्हणून परतली होती.

हे ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. दहा वर्षांच्या मुलीनं आधी कुठल्या देशाची ते सिद्ध करायचं आणि मग पाढे म्हणायचे! आपण मराठी माणसं या शहरात येतो ती बदलीचा हुकूम खिशात घालून. आम्हाला क्वार्टर मिळते, गॅस मिळतो, गणपती मंडळ मिळतं, आणि पोरांना वर्ष अर्धं सरलेलं असतानाही शाळा मिळते. मावशींचा मुलगा आदित्य दिल्लीत आला तेव्हा असाच दहा वर्षांचा होता. ऑफिसचं एक पत्र दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी तो वर्गात बसला. "त्याला कोणी काही विचारलं नाही," मावशी म्हणाल्या. "हिनं काय वेगळं केलंय?"

रूथचा प्रवेश हा मग क्लासचा एकच विषय झाला. पाच शनिवार फळ्यावर 'शाळा' होतं. मावशी चष्मा घसरवून कारकून व्हायच्या आणि बाकीच्या बायका मावीला मागून ओरडून सांगायच्या. "पूछ! पूछ!" सहाव्या आठवड्यात मावी स्टूल घेऊन शाळेत गेली. आम्ही दोघी फाटकाबाहेर. मावशींनी आत जायला साफ नकार दिला. "मी गेले तर मीच भांडेन. मग उद्या ही कोणाला घेऊन जाणार?"

दोन तासांनी मावी बाहेर आली ती लाल होऊन.

"आधार नहीं है, लिखके दो, मैं बोली. वो नहीं लिखा. मैं बैठी. फिर बोला, ठीक है, आधार छोडो. पता का काग़ज़ लाओ."

मावशींनी मला चिमटा काढला. "ऐकलंस? 'मैं बैठी' म्हणते!"

पण पत्त्याचा कागद कुठून आणायचा? घरमालक भाडेकरार देत नव्हता. खोली द्यायची, भाडं घ्यायचं, पण कागदावर ही माणसं अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा व्यवहार. मावशींनी हात झटकले. "माझा पत्ता दे. 'या दोघी इथे राहतात' असं पत्र देऊ, आणि एवढंच पुरे नसेल तर खरंच राहा म्हणावं इथं. दोन खोल्या रिकाम्या पडल्यात." फ्लॅट आदित्यच्या नावावर, तेव्हा सही त्याची लागणार. "त्यात काय! माझाच मुलगा आहे."

आदित्य गुरुग्राममध्ये मोठ्या कंपनीत. कंपनीच्या समारंभात 'सर्वांना सामावून घेऊ या' अशा फलकाखाली माईक धरून उभा असलेला त्याचा फोटो मावशींनी मला त्या दिवशी दोनदा दाखवला.

पुढच्या शनिवारी मी विचारलं, "सही?"

"तो टूरवर आहे."

त्याच्या पुढच्या शनिवारी, "त्याचा फोन बंद येतोय."

त्यानंतरच्या आठवड्यात प्रवेशाला चारच दिवस उरले होते. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "मावशी, आता माझ्यासमोर लावा फोन." मावी शेजारी बसली होती. मावशींनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू.

"आई, बोल पटकन."

मावशींनी सांगितलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आई, यार, तू कशाला पडतेस ह्यात? फ्लॅट लीगली माझ्या नावावर आहे. उद्या पोलिस आले तर? सोसायटीवाले आत्ताच मला मेसेज करतात, तुमच्याकडे कोण कोण येतं म्हणून. प्लीज. मी मीटिंगमध्ये आहे."

मी वाट पाहत होते. आता प्रश्न येईल. आता लिहून मागतील.

"बरं," मावशी म्हणाल्या. "जेवलास का?"

"आई, साडेचार वाजलेत."

"हो का? मग चहा घे."

फोन बंद झाला. मला इतका संताप आला की मी उभीच राहिले. "मावशी! आख्ख्या दिल्लीला भांडायला शिकवता आणि हे काय? सामावून घेऊ या म्हणे! माईक धरून! त्याला एक प्रश्न नाही विचारलात?"

मावशी टॉवेलची घडी घालत होत्या. घातलेली मोडून पुन्हा घालत होत्या.

"कारकुनाशी भांडले तर काय जातं गं? कारकून जातो," त्या म्हणाल्या. "हा महिन्यातून एकदा येतो. खाली गाडीत बसूनच हॉर्न वाजवतो, मी डबा घेऊन जाते. पाच मिनिटं. भांडले तर तेवढंही येणार नाही."

माझ्याकडे यावर पत्रक नव्हतं.

मावीला मराठी येत नाही. ती उठली, दारामागचं स्टूल घेतलं आणि निघून गेली.

नंतर कळलं ते असं. तिच्या घरमालकाचं रंगाचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकानात, रंगाच्या डब्यांसमोर स्टूल मांडलं आणि बसली. कारखान्यात दोन दिवस खाडा. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नमस्ते करून ती सांगायची, "मैं इनकी किरायेदार. बच्ची का स्कूल है. ये काग़ज़ नहीं देते." आवाज न चढवता, हसून. तो ओरडला, सामान बाहेर फेकीन म्हणाला. त्यावर ती म्हणाली, "फेंको. सब देखेंगे." ज्याला रोज तोंड दाखवायचं, ज्याच्या छपराखाली रात्री झोपायचं, त्या माणसाशी ती भांडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं करारावर सही केली.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "गिऱ्हाइकांना सांगायचं हे मी शिकवलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

रूथचा प्रवेश झाला. मुलींची शाळा सकाळची, साडेबाराला सुटते, आणि मावी कारखान्यातून सुटते सहाला. आणायला कोण जाणार यावर चर्चा व्हायच्या आधीच मावशी म्हणाल्या, "मला दुपारी काही काम नसतं."

पहिल्या आठवड्यात एकदा मीही बरोबर गेले. मावशी पावणेबारालाच फाटकाशी हजर. केस नीट विंचरलेले, पर्समध्ये बिस्किटांचा पुडा. साडेबाराला पोरींचा लोंढा आला आणि नवा चौकीदार न्यायला आलेल्यांची चौकशी करून एकेकीला सोडायला लागला. मावशींपाशी थांबला.

"आप किसकी वाली हो, आंटी?"

मावशींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बताओ जी. क्या लगती हो बच्ची की? नहीं तो साइड में हो जाओ."

मी कोपर मारलं. "मावशी, बोला ना!"

"काय बोलू?" त्या कुजबुजल्या. "कोण म्हणून बोलू?" आणि खरंच बाजूला झाल्या. उन्हात, भिंतीला लागून. चौतीस वर्षं नोकरी, पाच शनिवार 'शाळा', आणि या बाईला एका चौकीदारापुढे शब्द सापडेना. मी पुढे होणार तेवढ्यात आतून आवाज आला, दोन मजले खाली पोचणारा.

"अंकल! वो मेरी वाली है!"

रूथ लोंढ्यातून वाट काढत आली आणि कमरेवर हात ठेवून चौकीदारापुढे उभी राहिली.

"तेरी क्या लगती है?"

"बोला ना, मेरी वाली है! धूप में क्यों खडा किया इनको?"

चौकीदार हसला, सरकला. मावशींनी दप्तर घेतलं. बिस्किटं द्यायची विसरल्या.

परतताना ई-रिक्षा मिळाली. आम्ही तिघी आणि समोरची सीट पूर्ण रिकामी. चालवणारा मागे वळून म्हणाला, "आंटी, बच्ची को गोद में बिठा लो, आगे सवारी चढेगी." मी सावरून बसले. पाच फूट व्हायला आलेली पोरगी मांडीवर? तिची जागा तिच्या हक्काची. आता मावशी याला सोडत नाहीत.

मावशींनी पर्स माझ्याकडे दिली आणि रूथला मांडीवर घेतलं. तिचे लांब पाय पुढच्या सीटला टेकले, आणि तिच्यामागे मावशी दिसेनाशा झाल्या.

उत्तमनगर येईपर्यंत एकही सवारी चढली नाही. रूथ मांडीवरच होती.