कागदाबाहेरचा प्रश्न

आमचे नवे साहेब ओडिशाहून बदलून आले आणि "मला मराठी कोण शिकवणार?" म्हणाले, तेव्हा हात वर केला तो मी. (बाकीच्यांचे हात टेबलाखाली मोबाइलमध्ये गुंतले होते.) हेतू शुद्ध नव्हता. मे महिन्यात आंबे काढायला मला आठ दिवस रजा हवी होती, आणि गुरूला रजा कोण नाकारणार?

दोन आठवडे झाले तरी साहेब "हे पेन आहे"च्या पुढे सरकेनात. मग मी पद्धतच बदलली. मुलाखत! दहा प्रश्न मी कागदावर लिहून द्यायचे, साहेबांनी ते एखाद्याला विचारायचे आणि उत्तरं समजून घ्यायची. पहिल्या मुलाखतीला मी आमच्या बायकोलाच बसवलं. म्हटलं, घरचं माणूस आहे, सांभाळून घेईल.

रविवारी साहेब घरी आले. वैदेहीने कोकम सरबत दिलं. साहेबांनी कागद उघडला.

"तुमचे नाव काय?"

"वैदेही."

"तुमचे पती काय काम करतात?"

"अहो, काय करत नाहीत ते विचारा! गेल्या मेमध्ये आठ दिवस उजाडल्यापासून आंबे उतरवायची घळ घेऊन झाडावर चढलेले. ऐंशी पेट्या एकट्यांनी उचलल्यानी!"

मी जोरात खोकलो. (गेल्या मेमध्ये, वैद्यकीय रजेच्या अर्जानुसार, माझी कंबर धरली होती. डॉक्टरांचा दाखलाही जोडला होता. आणि साहेबांनी आल्या आल्या सगळ्यांच्या रजेच्या फायली चाळल्या होत्या.)

"पाणी देऊ का हो?" वैदेही म्हणाली.

कागदावर तिसरा प्रश्न होता, 'तुम्हाला कोणता रंग आवडतो?' साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"कोणत्या तारखेला?" त्यांनी विचारलं.

कागदाबाहेरचा पहिला प्रश्न! स्वतःच्या डोक्यातून आलेला, न अडखळता! गुरू म्हणून माझी छाती फुगली आणि कारकून म्हणून मी वैदेहीला डोळ्यांनी खुणावू लागलो.

"दोन ते नऊ."

"आणि यांची कंबर?"

"कंबरेला काय धाड भरल्ये? लोखंडाची आहे!"

पुढे पाऊण तास दोघं बोलतच होती. मला फक्त सरबताचे पेले उचलण्याचं काम उरलं.

सोमवारी साहेब शिपायापासून सगळ्यांशी मराठीत बोलले. ऑफिस तोंडात बोट घालून ऐकत होतं. "श्यामराव, मानलं तुम्हाला!" म्हणत लोक हात मिळवून गेले. मी त्याच दिमाखात रजेचा अर्ज आत पाठवला.

संध्याकाळी तो परत आला. साहेबांनी स्वतःच्या हाताने, मराठीत शेरा लिहिला होता : 'आंबे काढण्यासाठी आठ दिवसांची रजा मंजूर.' शुद्धलेखनाची एक चूक नाही.

फक्त तारखा गेल्या वर्षीच्या होत्या.