पिवळ्या फितीची टोळी

"गुन्हेगार मला घाबरत नाहीत, कारण मी त्यांना दिसतच नाही," असं आमचे गुप्तहेर भाऊजी स्वतःबद्दल सांगतात. त्यांनाही आजवर एकही गुन्हेगार दिसलेला नाही, हे ताई सांगते. मी ताईचा धाकटा भाऊ, म्हणून भाऊजींचा सहायक. नेमणूक लग्नमांडवातच झाली.

परदेशात भाचीला मुलगा झाला. आम्ही पोचू त्याच संध्याकाळी तो दवाखान्यातून घरी येईल तो ताईनं विणलेल्या स्वेटरमध्येच, असं तिनं निघतानाच बजावलं होतं. भाचीच्या घरी पोचून तिनं बॅग उघडली. विणला होता निळा. निघाला हिरवा.

"काळी बॅग, कडीला पिवळी फीत. म्हणजे बॅग आपलीच," भाऊजी म्हणाले. "स्वेटर कुणीतरी बदलला."

"आणि माझ्या साड्या?"

"त्याही बदलल्या." त्यांनी आतून एक डबी काढली. "कवळी! टोळीचा म्होरक्या वयस्कर आहे आणि सध्या उपाशी आहे."

"अहो, बॅगच बदललीय!"

"तशीच बॅग, तशीच फीत, आत बाळाचा स्वेटर? इतके योगायोग नसतात. विमानात तो माकडटोपीवाला आठवतो? नुसते डोळे दिसत होते. जेवणाला हात लावला नाही. म्होरक्या तोच!"

तेवढ्यात बेल वाजली. दारात माकडटोपी.

"मेहुणे, धरा!" भाऊजी माझ्यामागे लपत ओरडले.

टोपी निघाली. आत आमचे व्याही होते. मागे विहीणबाई, हातात आमची बॅग.

"तुम्ही? न कळवता?" ताई म्हणाली.

"म्हटलं, नातवाला पहिला स्वेटर आपला," विहीणबाई म्हणाल्या. "सूनबाई म्हणाली होती, विमानतळाच्या पट्ट्यावर बॅग ओळखायला पिवळी फीत बांधा."

"आम्हालाही तेच म्हणाली!"

"बोलत काय बसलात?" व्याही बोळक्या तोंडानं म्हणाले. "आधी दात द्या."

भाऊजींनी डबी दिली. "म्होरक्या मात्र बरोबर ओळखला," असं ते मला हळूच म्हणाले.

दवाखान्यात दोन्ही आज्या स्वेटर सरसावून बाळाशी धावल्या. निळा डोक्यातून जाईना. हिरवाही जाईना. शेवटी बाळ दवाखान्याच्या दुपट्यात घरी आलं.

"डोकं माझ्यावर गेलंय," भाऊजी अभिमानानं म्हणाले.

ताईनं बाळाच्या कपाळावरून हात फिरवला. "नुसतं मापानं गेलं असू दे रे देवा."