गुडघ्याच्या गोळ्यांचा दावा

“त्या औषध कंपनीला कोर्टात उभं न्हाई केलं, तर नावाचा आश्रुबा न्हाई!”

हे आश्रुबांनी वडवणीच्या बाजारात, ऐन गर्दीत जाहीर केलं. झालं! संध्याकाळपर्यंत माजलगावात बातमी!

आश्रुबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्त नोकरदारांच्या आरोग्य निधीचे अध्यक्ष. सभासदांनी दरमहा वर्गणी टाकायची, औषधाचं बिल दाखवायचं आणि निधीतून पैसे घ्यायचे, अशी साधी सोय. पण वर्षभरात साऱ्या सभासदांचे गुडघे एकदमच धरले! एका कंपनीच्या महागड्या गोळ्यांनी निधी चाटूनपुसून खाल्ला, अन् गुण म्हणाल तर एकालाही नाही. त्यात आश्रुबांच्या बायकोचं, सिंधुबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अडलं. सरकारी शिबिराची तारीख पुढंच पळत होती, आणि बाई चहात साखर म्हणून मीठ टाकत होत्या.

“कंपनीकडून वसूल करतो. पयलं ऑपरेशन तुझं!”

“तवर चाचपतच ऱ्हाते मी,” सिंधुबाई म्हणाल्या.

अंजू वकिलीणबाईंनी नोटीस लिहिता लिहिता विचारलं, “काका, गोळ्या सगळ्यांनी नीट घेतल्या होत्या ना?”

“म्हंजे काय! शिक्क्याची बिलं हायेत!”

नोटीस गेली आणि पंधराव्या दिवशी कंपनीचा साहेब पुण्याहून थेट आश्रुबांच्या ओसरीवर येऊन बसला. अंजूबाई फाईल घेऊन हजर, सभासद तर गुडघे धरून आधीच हजर. साहेबाचा प्रश्न एकच होता. गोळ्या कुणी किती घेतल्या?

पहिल्या उठल्या मुक्ताबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. जन्मात खोटं न बोललेली बाई, तिला पुढं घालायची अवदसा आश्रुबांनाच आठवली होती.

“मी एकही घेतली नाही. मेडिकलवाला सोमेश्वर बिल गोळ्यांचं द्यायचा, सामान मात्र नातवाची पावडर.”

मग काय, रांगच लागली! एकाचा शाम्पू, दुसऱ्याचा साबण. तात्याबांनी तर वर्षभर च्यवनप्राश खाल्ला होता, तोही दोन वेळा!

“आरं, एकानं तरी गोळी गिळली का बे?” आश्रुबा किंचाळले.

कोपऱ्यातून बंकट उठला. निवृत्त शिपाई, आता मेंढरं राखायचा. “माझ्या घरी समद्या गिळल्या की! एक बी वाया न्हाई.”

“शाबास! अन् गुण आला का? न्हाईच ना?”

“लई गुण आला!”

“न्हाई म्हण, बंकट, न्हाई म्हण!”

“खोटं कावून बोलू? लंगडत व्हता, आता कुंपणावरून उड्या मारतोय!”

“कोण?”

“माझा एडका. सभासद मी, म्हंजी एडका बी घरचाच की!”

आश्रुबांनी कपाळावर हात मारून घेतला. साहेबानं मात्र तेवढं मन लावून लिहून घेतलं. वर एडक्याचा फोटो मिळेल का, असंही विचारलं!

अंजूबाईंनी फाईल चाळली. “काका, यात तुमचीही नऊ बिलं आहेत. तुम्ही तरी घेतल्या ना गोळ्या?”

आश्रुबांचा हात नकळत डोक्यावर गेला.

“तरीच!” मुक्ताबाई म्हणाल्या. “मी म्हणते, या वयात केस इतके काळेभोर कसे!”

अंजूबाईंनी फाईल मिटली. साहेब हसत गाडीत बसला. सभासद गुडघे विसरून टणाटण पायऱ्या उतरून गेले. दाव्याचा निकाल ओसरीवरच लागला, कोर्टाची पायरी चढायचीसुद्धा गरज पडली नाही.

आतून सिंधुबाई भिंत चाचपत आल्या. “गेला का साहेब? माझ्या डोळ्याचं कसं?”

आश्रुबांना रडू की काय करू असं झालं. “सिंधू, चुकलं माझं. गोळ्यांच्या बिलावर मी केसाचा रंग आणला. वरीसभर. तुला म्हातारा नवरा दिसू नये म्हनून.”

सिंधुबाई जवळ आल्या. डोळे बारीक करून त्यांनी नवऱ्याच्या डोक्याकडं बराच वेळ पाहिलं.

“केस रंगवलेत व्हय? अवं, मला वरीस झालं तुमचं डोस्कंच दिसंना!”