'अ' श्रेणीचं तोंड

या मंडळी, सरका पुढे. मागे बसणाऱ्याला फक्त हसू ऐकू येतं, कथा नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरल्या एका तोंडाची ही कथा. देवाच्या दयेने त्यात दात थोडे आणि भाषा फार.

पोर्टगार्वी गावच्या एल्स्पेथ गोर्ली एकोणऐंशीव्या वर्षीही चर्चमध्ये जुन्या बोलीतल्या स्तोत्राची पहिली ओळ धरून देत. मग सारा गाव ती उचली. पण कवळी सैल झाली होती. सूर वर चढला की शब्दाआधी तीच बाहेर डोकावे. नातीच्या, रोनाच्या लग्नात ओळ आपणच धरायची, हा बाईंचा हट्ट. म्हणून त्यांनी नवी कवळी करायला टाकली.

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या जुने शब्द संरक्षण विभागाचे क्राइटनसाहेब चहाला आले. चढ चढून आलेल्या बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या, "फरफॉखन झाले बघा. दमून जीव मेटाकुटीला आला नुसता." साहेबांचे डोळे पाणावले. बिस्किटं संपेपर्यंत त्यांनी त्रेचाळीस दुर्मिळ शब्द टिपले आणि महिन्याभरात बाईंचं तोंड 'अ' श्रेणीचा वारसा म्हणून जाहीर झालं.

आता कुठल्याही वारसा वास्तूप्रमाणे आतबाहेर बदल करायला परवानगी हवी. दंतवैद्याने हात वर केले. बाईंनी अर्ज केला, जशा बोलत तशाच बोलीत. तो परत आला : मजकूर शुद्ध इंग्रजीत नाही, सबब विचारात घेता येत नाही. मग रोनाने शुद्ध इंग्रजीत लिहून दिला. परवानगी तत्काळ मिळाली; अट एवढीच, की नवं काम मूळ बांधकामाच्याच साहित्यात व्हावं. मूळ बांधकाम, म्हणजे जुनी कवळी, सत्तावन्न सालचं. ते साहित्य बनवणारा कारखाना आणि कारखानदार, दोघेही कधीच मातीत गेलेले.

लग्नाला चार दिवस उरले असताना जुनी कवळी मधोमध मोडली. बाई रुमाल तोंडाशी धरून कचेरीत गेल्या.

"साहेब, दातच नसले तर शब्द बाहेर कसे पडायचे?"

"बाहेर पडायचेच कशाला, बाई?" साहेब मायेने म्हणाले. "आत सुरक्षित आहेत."

लग्नात साहेबच प्रमुख पाहुणे. मायबोली जगली पाहिजे, यावर ते घोटीव इंग्रजीत वीस मिनिटं बोलले. टाळ्या झाल्या. मग स्तोत्राची वेळ आली. ओळ धरायला कोणी नाही. सगळ्यांनी रोनाकडे पाहिलं, रोनाने आजीकडे. आजीने मान खाली घातली. कारण पोर तीन वर्षांची असल्यापासून पाहुण्यांदेखत तिला चिमटा काढून, "चार लोकांत नीट बोल गं," म्हणून बजावणाऱ्या एल्स्पेथबाईच होत्या. रोना नीट बोलायला शिकली. ओळ काही तिला आली नाही.

शेवटी कोणीतरी फोनवर दुसरंच गाणं लावलं. लग्न थाटात झालं.

मंडळी, ही कथा घरी मुलांना जरूर सांगा. त्यांना नीट कळावी म्हणून इंग्रजीत सांगावी लागेल, हरकत नाही. फक्त सांगताना एल्स्पेथबाईंची आठवण ठेवा.