ताटाएवढी जागा सोडून

साडेसहा महिने रमाकांत साळसकरांनी गाडी धुतली नव्हती. कारण सगळ्या चाळीला माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नसे. गेल्या दसऱ्याला त्यांच्या बायकोने, कालिंदीने, जुन्या निळ्या फियाटच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. ती ठेंगणी. वर हात पुरेना, म्हणून एक रेघ आखूड राहिली. "पुढल्या वर्षी स्टूल आणीन," म्हणाली होती. डिसेंबरात ती गेली.

ताडपत्री घालूनही एप्रिलपर्यंत कुंकू फिकं पडू लागलं. तेव्हा रमाकांतनी ठरवलं, वरून क्लिअर कोट मारून घ्यायचा. काचेखाली ठेवल्यासारखं राहील.

परळहून हितेंद्र पेंटर स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर घेऊन घोडपदेवच्या चाळीत आला. त्याने दरवाजा ओल्या फडक्याने पुसला. फडकं निळं झालं.

"काका, हा जुना रंग, एकाच थराचा. वरचा भाग उन्हाने मेलाय. वॉटर पेपरने घासल्याशिवाय क्लिअर पकडणार नाय."

"मग घास की."

"बॉनेट पण घासायला लागेल."

"बॉनेट सोडून."

"काका, तुम्हाला बॉनेटसाठीच क्लिअर पाहिजे ना?"

शेवटी ताटाएवढी जागा सोडून घासायचं ठरलं. स्वस्तिकावर पाणी उडू नये म्हणून रमाकांत त्यावर परात पालथी धरून उभे राहिले, तब्बल दोन तास. परात टेकवायचीही नाही, कुंकू पुसलं जाईल. हात भरून आले, तरी हलले नाहीत. तेवढ्यात घासलेल्या रंगाचं निळं पाणी चौकातून वाहत शेजारच्या दुर्गावहिनींच्या चादरीपर्यंत पोचलं. चादरीवर कुरडया वाळत होत्या.

"भावजी! ह्या निळ्या कुरडया कोण खाणार आता?"

"वहिनी, मला हात सोडता येत नाही."

"तोंड सोडता येतं ना? ओरडायचं तरी!"

दुसऱ्या दिवशी रमाकांतना नव्या कुरडयांसाठी सोऱ्या फिरवावा लागला. पण ते खुशीत होते. हितेंद्रने लांबून, हलक्या हाताने क्लिअर मारला होता. कुंकवाचा कणही हलला नव्हता. गाडी अशी चमकत होती की चाळीतले पुरुष बॉनेटमध्ये बघून भांग पाडू लागले.

मे महिन्यातल्या उन्हात त्या ताटाएवढ्या गोलावरच्या क्लिअरची कड सुटून वर आली.

"सांगितलेलं ना, काका," हितेंद्र फोनवर म्हणाला. "तिथे घासलं नाय, तिथे पकडलं नाय. हात नका लावू, राहील तेवढं राहील."

रमाकांतनी पुठ्ठ्यावर 'हात लावू नये' असं लिहून काचेला लावलं. तोवर ज्यांचं लक्ष नव्हतं, तेही बघायला येऊ लागले.

दुर्गावहिनी बघायला आल्या नव्हत्या. त्या बॉनेटला टेकून वरळी कोळीवाड्यातल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. सुनेचा विषय निघाला होता. बोलता बोलता त्यांचं नख त्या कडेखाली गेलं, आणि शेंग सोलावी तसा त्यांचा हात चालत राहिला.

"वहिनी!" रमाकांत गॅलरीतून ओरडले.

वहिनींनी खाली पाहिलं. अख्खा गोल पापुद्रा त्यांच्या हातात होता. फोन मैत्रिणीसकट खाली पडला.

"भावजी, देवाशपथ, मला कळलंच नाही हो!" त्या रडायलाच लागल्या. "कालिंदीचं शेवटचं होतं ते, माझ्या मेलीच्या हातून..."

रमाकांत अनवाणीच धावत आले. पापुद्रा हातात घेतला, उजेडाकडे धरला. मग बॉनेटकडे पाहिलं. बॉनेटवर नुसता पांढुरका पडलेला निळा रंग होता. कुंकू सगळंच्या सगळं त्या पापुद्र्याला चिकटून वर आलं होतं, आखूड रेघेसकट.

त्यांनी पापुद्रा पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"उलटं धरलंय तुम्ही," दुर्गावहिनी नाक पुसत म्हणाल्या.

रमाकांतनी ते सुलट केलं. गाडीतून आरसी बुक काढलं आणि त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात पापुद्रा अलगद सरकवला. मग हितेंद्रला फोन लावला.

"ये रे. बॉनेट परत करायचंय."

"किती जागा सोडू, काका?"

"सगळं घास."

दुर्गावहिनी अजून तिथेच उभ्या होत्या. "मग दसऱ्याला स्वस्तिक कोण काढणार?"

"तुम्ही."

"मी? माझा हात पुरतो काय तिथवर?"

"या वेळी स्टूल आणतो," रमाकांत म्हणाले, आणि पाण्याची बादली भरायला गेले.